तुई ना, अर्थात चिनी वैद्यकातली मालीश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मान-पाठ धरलेले रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि चीन-सिंगापूरला राहून आलेले वाचक यांच्याकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल, तर निदान प्रश्न ११ वाचल्याशिवाय कुणाच्या हाताखाली झोपू नका.

१. तुई ना म्हणजे नेमकं काय? स्पामधला ‘चायनीज मसाज’ तो हाच का?

चिनी पारंपरिक वैद्यकात वनौषधी आणि ॲक्युपंक्चर यांच्या जोडीला हातांनी करायच्या उपचारांची एक पूर्ण शाखा आहे. तिला तुई ना म्हणतात. चीनमधल्या पारंपरिक वैद्यकाच्या रुग्णालयांत तिचा वेगळा विभाग असतो. तिथे केसपेपर काढतात, तपासणी होते, लागला तर एक्स-रे किंवा एमआरआय बघतात आणि मग उपचार ठरतो. ते करणारा पाच वर्षांचं वैद्यकीय शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. थकवा घालवायला बाजारात मिळणारा आरामाचा मसाज चीनमध्येही आहेच, पण तो वेगळा व्यवसाय आहे आणि त्याचं प्रशिक्षणही वेगळं. आपल्याकडच्या स्पाच्या पाटीवर जे लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारातलं असतं. आरामाला तो छान आहे, पण त्याला उपचार समजून जाऊ नका.

२. ही पद्धत खरंच हजारो वर्षांची आहे का?

मूळ जुनं आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या चिनी वैद्यकाच्या आधारग्रंथात मालिशीचा उपचार म्हणून उल्लेख येतो. तांग राजवटीत (६१८ ते ९०७) दरबारी वैद्यक कार्यालयात मालिशीचा विभाग होता आणि तिथे शिक्षक नेमून विद्यार्थी तयार केले जात. मिंग राजवटीत (१३६८ ते १६४४) लहान मुलांच्या मालिशीवर स्वतंत्र लेखन झालं.

पण आज जी तुई ना शिकवली जाते तिची घडी विसाव्या शतकात बसली. घराण्याघराण्यांत विखुरलेली कौशल्यं १९५० च्या दशकात शांघायमध्ये एका छताखाली आणली गेली. १९५६ मध्ये प्रशिक्षणवर्ग सुरू झाला, त्यातून पुढे शाळा उभी राहिली. आज सगळ्यात जास्त वापरलं जाणारं एक तंत्र, म्हणजे हाताची मागची कड पाठीवर फिरवण्याचं ‘गुन’, हे डिंग जीफेंग यांनी १९४० च्या दशकात घडवलं. जिवंत विद्या अशीच वाढते. त्यामुळे ‘पाच हजार वर्षांपासून जशीच्या तशी’ असं कुणी सांगितलं तर ते मान्य करू नका. तुई नाला त्या दाव्याची गरजही नाही.

३. पहिल्यांदा गेल्यावर काय काय करतात?

आधी विचारपूस होते. दुखणं कधीपासून आहे, कुठल्या हालचालीला चमक भरते, झोप आणि भूक कशी आहे, हे विचारतात. पारंपरिक पद्धतीने शिकलेला वैद्य जीभ आणि नाडीही बघतो. मग तुम्ही अंगावर सैल सुती कपडे ठेवूनच झोपता किंवा बसता, आणि वरून एक चादर टाकली जाते. कपडे काढावे लागत नाहीत. अनोळखी ठिकाणी जाणाऱ्या बायकांना हे माहीत असलेलं बरं.

सुरुवात हलक्या तंत्रांनी होते. तळहाताने ढकलत नेणं, मळणं, गोलाकार चोळणं. ‘गुन’मध्ये करंगळीच्या बाजूने हाताची पाठ अंगावर टेकवून, पोळपाटावर लाटणं फिरावं तशी मिनिटाला १२० ते १६० वेळा फिरवतात. तीच लय दहा-दहा मिनिटं न तुटता चालते आणि स्नायू हळूहळू सैल पडतो. स्नायू सैल झाल्यावरच ठरावीक बिंदूंवर अंगठ्याचा किंवा कोपराचा खोल दाब येतो, आणि शेवटी सांधा फिरवणं, ताणणं, हलके झटके देणं. एकूण वेळ साधारण वीस मिनिटं ते अर्धा तास. तासभर चाललं म्हणजे जास्त चांगलं, असं मुळीच नाही.

४. आपल्या तेल-मालिशीपेक्षा किंवा अभ्यंगापेक्षा हे वेगळं कसं?

अभ्यंगात तेल हेच औषध असतं आणि ते सर्वांगाला लावतात. तुई नात मुख्य काम हाताच्या तंत्राचं असतं, तेही बहुतेक वेळा कपड्यांवरून आणि दुखण्याशी संबंधित भागापुरतंच. कातडीला थेट घासायचं असेल तर आल्याचा रस, तिळाचं तेल, टाल्कम पावडर असं काहीतरी वापरतात. एक साम्य मात्र लक्षात राहण्यासारखं आहे. आयुर्वेदात मर्मं मोजायची ती रुग्णाच्या स्वतःच्या अंगुळांनी, आणि चिनी वैद्यकातही बिंदू मोजायचा तो रुग्णाच्याच अंगठ्याच्या रुंदीने. या मापाला ‘त्सुन’ म्हणतात आणि चार बोटं जुळवली की तीन त्सुन धरतात. प्रश्न १५ मध्ये हे माप लागेल.

५. पायाच्या तळव्याचा नकाशा लावून करतात ते फूट मसाज तुई नाच का?

नाही. तळव्याच्या अमुक ठिकाणी यकृत, तमुक ठिकाणी मूत्रपिंड, या नकाशाचं आजचं रूप विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत घडलं. पुढे तैवानमध्ये राहणाऱ्या जोसेफ ऑयग्स्टर या स्विस धर्मगुरूंनी त्याचा प्रसार केला आणि तिथून ते चिनी शहरांत सगळीकडे पोचलं. पाय हलके वाटतात हे खरं. तळवा दाबून यकृताचं निदान होतं, याला मात्र आधार नाही.

कपिंग (पेले लावणं) आणि ग्वा शा (गुळगुळीत कडेच्या वस्तूने कातडी खरवडणं) हेही शेजारचे पण वेगळे उपचार आहेत. ते करायचे असतील तर तुम्हाला आधी विचारलं गेलं पाहिजे.

६. चीनमध्ये अंध लोक मसाज करतात असं ऐकलं. ते का?

बरोबर ऐकलंत, आणि मला स्वतःला या विद्येतला हा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. चीनमध्ये दृष्टिहीनांसाठी मालीश हा फार मोठा रोजगार आहे. त्यांच्यासाठी शाळा आहेत, वैद्यकीय मालिशीसाठी २००९ पासून वेगळी नियमावली आहे. १९५८ मध्ये सुरू झालेल्या बीजिंगच्या मसाज रुग्णालयात अनेक दृष्टिहीन डॉक्टर काम करत आले आहेत. बोटांनी गाठ ओळखणं, स्नायूचा ताण जोखणं, हे काम नजरेवाचून अडत नाही. दक्षिण कोरियात तर मसाजचा परवाना कायद्याने फक्त दृष्टिहीनांनाच मिळतो आणि २००८ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा कायम ठेवला. दया म्हणून दिलेलं हे काम नाही. ते कौशल्याचं काम आहे आणि त्याला तसाच मान मिळतो. आपल्याकडे हा रस्ता अजून पुरेसा रुंद झालेला नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

७. ‘ची’ ऊर्जा, बारा मार्गिका… हे सगळं मानलं तरच फायदा होतो का?

नाही. चिनी वैद्यक शरीराचं वर्णन ‘ची’ आणि रक्ताच्या वाहण्यातून करतं. ते अडलं की दुखतं, मोकळं झालं की दुखणं थांबतं. हे वाहणं ज्या वाटांनी होतं असं मानतात त्या मार्गिका. मार्गिका म्हणून दाखवता येईल अशी रचना शरीररचनाशास्त्राला सापडलेली नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण दाबाचा परिणाम समजायला त्यांची गरजही पडत नाही. स्पर्श आणि दाबाच्या संवेदना मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवू शकतात. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेला ‘गेट कंट्रोल’ सिद्धान्त तो हाच. आपटलेलं ढोपर आपण आपोआप चोळतो ते याचमुळे. शिवाय आखडलेला स्नायू सैल होतो, श्वास संथ होतो, मन शांत होतं.

‘शरीरातली विषं बाहेर पडतात’ हे मात्र चिनी आणि आधुनिक अशा दोन्ही वैद्यकांच्या नावावर खपवलं जाणारं बाजारी वाक्य आहे. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं न सांगता करत असतात.

८. मग खरा उपयोग कशाला होतो?

सर्वांत जास्त भरवसा स्नायू आणि सांध्यांच्या दुखण्यात. झोपेत मान अवघडणं, कंबरेत उसण भरणं, संगणकापुढे बसून खांद्यांत गाठी येणं, मानेच्या ताणातून येणारी डोकेदुखी. पाश्चात्त्य वैद्यकाचाही इथे पाठिंबा आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत नव्या कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी करून बघायच्या उपायांत शेक, मसाज आणि ॲक्युपंक्चर आहेत. मात्र जुनाट कंबरदुखीच्या यादीत व्यायाम आहे, योग आहे, ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) आहे, आणि मसाज नाही. माझा अनुभवही हेच सांगतो. मालिशीने दार उघडतं, पण आत चालत जावं लागतं ते व्यायामानेच. मसाजवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तर कंबरदुखीत थोड्या काळापुरता आराम दिसतो, आणि पुराव्याचा दर्जा कमकुवतच आहे.

खांदा आखडणं, म्हणजे फ्रोझन शोल्डर, यात सांधा हळूहळू मोकळा करायला तुई ना वापरतात. हा आजार मधुमेह असलेल्यांत जास्त दिसतो, म्हणून खांदा धरला असेल तर साखर तपासून घ्या. सुरुवातीच्या, रात्री झोपू न देणाऱ्या टप्प्यात जोर लावून हात वर नेणारा माणूस तुमचं नुकसान करतो आहे.

मनगटाच्या आतल्या बाजूचा ‘नेइग्वान’ बिंदू मळमळीसाठी प्रसिद्ध आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर त्याचे बरेच अभ्यास झाले आहेत आणि त्यांत फायदा दिसला आहे. झोप आणि ताण यांतही अनेकांना बरं वाटतं. तो फायदा खरा आहे, पण कुठल्याही चांगल्या मालिशीने मिळू शकेल असा आहे.

९. गादी सरकली आहे. तुई नाने ती जागेवर बसते का?

हाताने बाहेरून दाबून गादी आत ढकलता येत नाही. चीनमध्ये अशा रुग्णांवर तुई ना भरपूर केली जाते आणि अनेकांना आराम पडतो, कारण भोवतीचे स्नायू सुटतात आणि हालचाल परत येते. दरम्यान बाहेर आलेला गादीचा भाग बऱ्याच जणांत काही महिन्यांत आपोआप आक्रसतो. त्याचं श्रेय मात्र हात लावणारा घेऊन जातो.

लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसण्याच्या जागेला बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, यातलं काहीही असेल तर मसाज बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ही तातडीच्या शस्त्रक्रियेची लक्षणं असू शकतात. उशीर झाला तर नुकसान कायमचं राहतं.

१०. शुगर, बीपी, वजन, चष्म्याचा नंबर… यांवरही चालतं म्हणतात.

मालिशीनंतर रक्तदाब थोडा वेळ उतरू शकतो. तेवढ्यावर गोळी बंद करणं धोक्याचं आहे. मधुमेह मालिशीने बरा होत नाही. पोटावर चोळून चरबी वितळत नाही. चष्म्याचं म्हणाल, तर चीनमधली शाळकरी मुलं १९६० च्या दशकापासून डोळ्यांभोवतीचे बिंदू दाबण्याचा व्यायाम शाळेतच रोज करत आली आहेत, आणि तरीही आज तिथल्या निम्म्याहून अधिक मुलांना लांबचं अंधूक दिसतं. मुलांना उजेडात, मैदानावर सोडा. त्याचा फायदा सिद्ध झालेला आहे.

११. कुणी अजिबात करून घेऊ नये?

हाड मोडलंय किंवा तशी शंका आहे, ताप आहे, त्या जागी जखम, गळू किंवा संसर्ग आहे, हाडं फार ठिसूळ झाली आहेत, प्लेटलेट कमी आहेत, या सगळ्यांत नाही. मार लागून ताजी सूज आली असेल तर पहिले दोन-तीन दिवस तिथे हात लावू नये. संधिवाताच्या (रूमॅटॉइड) रुग्णांत मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात, त्यांच्या मानेला झटका चालत नाही. भरल्या पोटी किंवा दारू पिऊनही करू नये.

एक गोष्ट वेगळी सांगते, कारण ती घरोघरी चुकते. लांबच्या प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर ती चोळू नका. आतल्या शिरेत गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. आधी डॉप्लर तपासणी (शिरांची सोनोग्राफी) करा. तसंच छातीत दडपण आणि डाव्या हाताला कळ असेल, तर ती खांद्याची गाठ समजून दाबत बसू नका.

१२. मान ‘कट’ करून मोडली की बरं वाटतं. धोका असतो का?

असतो. क्वचितच, पण मोठा. मानेला जोरात पीळ दिल्यावर मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचा आतला थर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आणि तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याशी त्याचा संबंध आहे. तुई नात असे झटके आहेत, पण मानेच्या बहुतेक दुखण्यांत त्यांची गरज पडत नाही. ‘मान मोडू नका’ असं सुरुवातीलाच सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. हा नियम कटिंगच्या खुर्चीवरही लागू.

१३. गरोदरपणात चालते का?

परंपरा इथे सावध आहे. अंगठा आणि तर्जनीमधला ‘हगू’, घोट्याच्या वरचा ‘सानयिनज्याओ’ आणि खांद्यावरचा ‘ज्यानजिंग’ हे बिंदू गरोदरपणात दाबायचे नाहीत असं शिकवलं जातं. पोट आणि कंबरेवर जोर नको. कुशीवर झोपवून हलका हात, तोही तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना विचारून आणि गरोदर स्त्रियांवर काम करण्याची सवय असलेल्या व्यक्तीकडूनच.

१४. लहान मुलांसाठी वेगळी तुई ना असते का? आमच्याकडे बाळाला मालीशवाली बाई येते.

असते, आणि ती मोठ्यांसारखी मुळीच नसते. मुख्यतः सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. दाब अगदी कमी, लय जलद. अंगठ्याची कड, हाताच्या आतल्या बाजूची सरळ रेघ, तळहात यांवर एकाच दिशेला शंभर-दोनशे वेळा हलकं सारत नेतात. पाठीच्या कण्यालगतची कातडी चिमटीत धरून खालून वर सरकत जाण्याचं तंत्र ‘नियेजी’ हे भूक न लागणं, पोट फुगणं यांसाठी चीनमध्ये, विशेषतः शानदोंग प्रांतात, आया घरीच शिकून करतात.

मालीशवाल्या बाईंचं काम बाळाचं अंग मोकळं करण्याचं आहे, ते खुशाल चालू द्या. फक्त जुलाबात ओआरएस आधी. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर मालीश नाही, थेट बालरोगतज्ज्ञ.

१५. घरच्या घरी स्वतः काय करता येईल?

मान अवघडली असेल तर हाताच्या पाठीवर, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या हाडांच्या मध्ये, बोटांच्या मुळांच्या थोडं मागे एक दुखरी जागा सापडते. ती दाबून धरा आणि त्याच वेळी मान सावकाश दोन्हीकडे वळवा. डोकं जड असेल तर कवटीच्या खालच्या कडेला, मानेच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत (‘फंगची’) अंगठे टेकवून वरच्या दिशेला दाबा. प्रवासात मळमळलं तर मनगटाच्या आतल्या बाजूला, वळीपासून दोन त्सुन कोपराकडे, दोन दोरीसारख्या कंडरांच्या मध्ये (‘नेइग्वान’). पाय थकले तर गुडघ्याच्या वाटीच्या खाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या अंगाला ‘त्सूसानली’. माप प्रश्न ४ मध्ये दिलंय. एका जागी एक-दोन मिनिटं पुरतात. गरोदर असाल तर आधी प्रश्न १३ पाहा.

१६. करताना ओरडावंसं वाटलं आणि नंतर काळंनिळं पडलं. हे बरोबर आहे का?

भरल्यासारखी, ठणकणारी, पण हवीहवीशी वाटणारी कळ अपेक्षित असते. श्वास रोखावा लागेल, अंग चोरावं लागेल अशी कळ नको. चिनी शिकवणीतच चांगल्या हाताचे गुण टिकाऊ, जोरदार, एकसारखा, मऊ आणि खोल पोचणारा असे सांगितले आहेत. त्यातला ‘मऊ’ विसरला की नुसता जोर उरतो. दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकलं तर ते एक-दोन दिवसांत जातं. काळंनिळं पडणं ही उपचाराची पावती नाही. (कपिंग आणि ग्वा शामध्ये डाग पडतातच, ते वेगळं.)

१७. महाराष्ट्रात चांगला माणूस कसा शोधायचा?

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे. तुई नासाठी तसा कायदा नाही, त्यामुळे भिंतीवरच्या प्रमाणपत्राने खात्री होत नाही. मी तरी आधी फिजिओथेरपी किंवा वैद्यकाचं मूळ शिक्षण आहे का ते बघेन, मग तुई ना कुठे आणि किती काळ शिकली ते विचारेन. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये तुई नाच्या प्रशिक्षणाचे निकष प्रसिद्ध केले आहेत. त्यांच्याशी ताडून पाहिलं तर दोन दिवसांची कार्यशाळा कुठेच बसत नाही. चीनमध्ये विद्यार्थी माणसाला हात लावण्याआधी तांदळाच्या पिशवीवर दीर्घकाळ सराव करतात.

तुमची औषधं आणि जुने आजार न विचारता जो थेट झोपायला सांगतो, त्याच्याकडून उठून या.

१८. किती वेळा जावं लागतं? पॅकेज घ्यावं का?

चिनी रुग्णालयांत साधारण दहा वेळांचा एक टप्पा धरतात, रोज किंवा एक दिवसाआड. ताज्या उसणीला दोन-तीन वेळा पुरतात. तीन-चार वेळांत काहीच फरक नसेल तर पुढे जाऊ नका, निदानच पुन्हा तपासा. आगाऊ पैशाचं मोठं पॅकेज घेऊ नका, कारण मग थांबायची वेळ आली तरी पाय निघत नाही.

१९. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. तरी चालेल का?

वॉरफरिन किंवा तशी प्रभावी औषधं चालू असतील तर खोल दाब, कोपर, झटके पूर्ण बंद. आत रक्तस्राव होऊ शकतो. फक्त ॲस्पिरिन असेल तर हलका हात बहुतेकांना चालतो, पण डाग लवकर पडतात. आधी सांगा. कुणाच्याही सांगण्यावरून मालिशीसाठी गोळी मात्र चुकवू नका.

२०. आईची केमो चालू आहे. पाठ फार दुखते, हलकी मालीश करून दिली तर?

आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: आजार हाडांत गेला आहे का आणि प्लेटलेट किती आहेत. नवी पाठदुखी असेल तर कारण कळेपर्यंत पाठीला दाब नको. परवानगी मिळाली तरी गाठीची जागा, किरणोत्सर्ग दिलेली कातडी, औषधासाठी बसवलेला पोर्ट आणि स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर सुजलेला हात टाळायचा. हात-पाय, तळवे, डोकं यांवर नुसता ऊबदार, संथ हात फिरवा. दाब किती, हे आईलाच ठरवू द्या, आणि ती पुरे म्हणाली की थांबा.